हं म्हटल्याशिवाय

लग्न आठवड्यावर आलं आणि कराडच्या डुबलांच्या घरात रडण्याच्या पाळ्या लागल्या. सकाळी लग्नासाठी आलेली मावशी रडायची, दुपारी शेजारच्या घोरपडेकाकू येऊन रडून जायच्या आणि संध्याकाळी नवरीचा धाकटा भाऊ संग्राम गाडी धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ अंगणात पाठमोरा उभा राहायचा. नवरी मुलगी म्हणजे केतकी, चाळिशीला टेकलेली, मेथी निवडता निवडता डोळे पुसायची आणि विचारलं तर मेथीलाच दोष द्यायची. मेथीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

ज्यानं खरं तर घर डोक्यावर घ्यायचं, तो संग्रामचा पाच वर्षांचा ओजस मात्र मजेत होता. त्यानं शेरवानीची मापं हसत हसत दिली. पत्रिकेवरच्या गणपतीला निळा रंग दिला. “आत्या आता भंडाऱ्याला राहायला जाणार हं,” असं त्याला चारचौघांत दहादा सांगून झालं होतं, आणि दहाही वेळा तो शांतपणे ऐकून खेळायला निघून गेला होता.

“किती समजूतदार पोरगं आहे,” घोरपडेकाकू म्हणायच्या. “ही सगळी त्या कथुलीची कृपा.”

केतकीला खटकायचं ते हेच वाक्य.

ओजसची आई तो आठ महिन्यांचा असताना तापानं गेली. तेव्हापासून त्याला न्हाऊ घालण्यापासून ते त्याच्या दातांतून गूळ काढण्यापर्यंत सगळं केतकीनं केलं. संग्राम चांगला बाप होता, पण काचेचं भांडं उचलावं तसा मुलाला जपून, घाबरून हात लावायचा. लग्न केतकीनं दोनदा पुढे ढकललं होतं. तिचा होणारा नवरा हृषीकेश भंडाऱ्याचे जुने तलाव पुन्हा जिवंत करायच्या कामावर होता. तलाव काही उचलून कराडला आणता येत नव्हते. दोन्ही वेळा तो “थांबू” म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता, आणि तो केतकीला नीट ऐकू आला होता.

आता कथुलीबद्दल सांगायला हवं.

कथुली म्हणजे दिसायला नारळाएवढी, मातकट रंगाची, गुळगुळीत, मुलांना गोष्टी सांगणारी वस्तू. महाराष्ट्रातल्या बऱ्याच बालवाड्यांत ती पोचली होती आणि घराघरांत शिरत होती. तिच्या पोटात एक छोटं रडार होतं. मुलाच्या अंगाला काहीही न लावता, लांबूनच, त्याच्या छातीची केसभर होणारी हालचाल ते टिपायचं. श्वास किती खोल आहे, काळजाचे ठोके कसे पडताहेत, सगळं तिला कळायचं. भीती, राग किंवा दुःख मनात पुरतं उमटायच्या काही क्षण आधी श्वासाची लय बदलते, हे पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉक्टर तस्नीम इनामदारनं दाखवून दिलं होतं. ते काही क्षण हेच कथुलीचं भांडवल. दूध वर येताना दिसलं की आपण आच कमी करतो, तशी ती गोष्टीची आच कमी करायची. लांडगा दारापर्यंत आला आणि मुलाचा श्वास अडखळला, की लांडग्याला शिंक यायची. मूल हसायचं. दुसऱ्या दिवशी लांडगा एक पाऊल पुढे यायचा. असं करत करत मूल महिन्याभरात अख्ख्या लांडग्याला सरावायचं.

तिच्यात ‘तयारीच्या गोष्टी’ही होत्या. घरात बाळ येणार आहे, मुलाचं ऑपरेशन आहे, घर बदलायचं आहे, असं काही मोठ्यांनी तिला सांगून ठेवलं की ती त्याभोवती गोष्ट विणायची आणि मुलाला हळूहळू त्या प्रसंगापर्यंत घेऊन जायची.

या कथुलीची मराठी लेखक होती केतकी. तिच्यातले ससे, लांडगे, चिमण्या, सगळं केतकीच्या हातचं. आणि एक गोष्ट तर निव्वळ तिच्या हट्टानं आली होती: हुंकार. इंजिनिअर म्हणाले होते की आम्हाला मुलाचं काळीजच दिसतंय, त्यानं तोंडानं काही बोलायची गरजच काय? केतकी अडून बसली. सांगणाऱ्यानं थांबायचं, ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं, तेव्हा गोष्ट पुढे जायची. आपल्याकडे गोष्ट अशीच सांगतात, आणि हुंकार नसेल तर सांगणारा सरळ म्हणतो, झोपलास वाटतं, उद्या सांगू. शेवटी तिचंच खरं झालं. कथुलीत नियम आला की दोन-तीन वाक्यांनंतर हुंकाराची वाट पाहायची. हुंकार आला नाही, श्वास संथ असला आणि अंग हलत नसलं, तर मूल झोपलं समजून गोष्ट गोड करून आटपायची. झोपलेल्या मुलाच्या कानात अर्धवट लांडगा राहू नये म्हणून. ही आटपायची वाक्यं केतकीनं फार मायेनं लिहिली होती.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती पहिल्यांदाच ओजसच्या गोष्टीला जाऊन बसली. एरवी ती या वेळेत काम उरकायची. यंत्र आपलंच, विश्वास होता. ओजस सतरंजीवर उताणा पडला होता. कथुली खिडकीत होती. गोष्ट चिमणीची होती, आणि ती चिमणी कोण हे केतकीला सांगायला नको होतं. तिनंच महिन्यापूर्वी कथुलीला सांगून ठेवलं होतं की आत्या लग्न होऊन दूर जाणार आहे.

“चिमणीनं पिल्लाच्या चोचीत दाणा घातला,” कथुली म्हणाली.

“हं,” ओजस म्हणाला.

“मग तिनं पंख झटकले. आज तिला नदीपलीकडे जायचं होतं.”

ओजस गप्प.

कथुली थांबली. केतकीला वाटलं, पोराला डुलकी लागली. तिनं वाकून पाहिलं तर त्याचे डोळे टक्क उघडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले. तो छताकडे पाहत होता. हात-पाय अजिबात हलत नव्हते.

“पण ऊन फार झालं होतं,” कथुली थोड्या वेळानं हलक्या आवाजात म्हणाली. “चिमणी घरट्यात परत आली, पिल्लाला पंखाखाली घेतलं आणि दोघं गाढ झोपली.”

गोष्ट संपली. ओजस टुणकन उठला आणि ठोकळ्यांकडे गेला.

“ओजू, झोप लागली होती का रे?”

“नाही.”

“मग हं का नाही म्हणालास?”

“हं म्हटलं की ती जाते.”

त्यानं हे अशा सुरात सांगितलं, की आत्याला एवढं कसं कळत नाही. त्याचं लक्ष ठोकळ्यांत होतं. केतकी त्याच्याजवळ जाऊन बसली. तिला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

“आणि माझं लग्न?”

“मी कुठं हं म्हटलंय?” ओजस म्हणाला.

केतकीला आता कुठे उलगडलं. दहा वेळा सांगितलं, दहा वेळा तो गप्प राहिला, आणि सगळ्यांनी त्या गप्प राहण्याला समजूतदारपणा म्हटलं. पोरानं काही समजून घेतलं नव्हतं. त्यानं लग्न थांबवून ठेवलं होतं. शेरवानीची मापं, निळा गणपती, दारातला मांडव, या सगळ्या गमतीजमती होत्या; खरी गोष्ट त्याच्या हुंकारावाचून पुढे जाणार नव्हती. तो शांत होता कारण त्याला काही भीतीच नव्हती. कथुलीचं रडार खरं तेच सांगत होतं.

आणि रविवारी, लग्न लागून आत्या गाडीत बसेल तेव्हा, त्याला कळणार होतं की आपल्या गप्प राहण्याला काडीची किंमत नाही. भर मांडवात, शंभर माणसांत, एका क्षणात.

तिनं तस्नीमला फोन लावला. तस्नीमनं सगळं ऐकून घेतलं.

“असं आणखी कुठं झालंय का?”

“झालंय. केतकी, सांगलीच्या एका बालवाडीतून तक्रार आली होती. मुलं बाईंना उत्तरच देत नाहीत, नुसती गप्प बसतात. आपण कळवलं होतं की मुलांची एकाग्रता वाढली आहे.” तिनं उसासा टाकला. “आपलेच दात आपलेच ओठ. तो झोपेचा नियम आपण कुणावर तपासला होता? पोटभर जेवलेल्या, दुःख नसलेल्या पोरांवर.”

“आता काय करू?”

“नियम मी आजच बदलायला घेते. तुझ्या घरच्या कथुलीत तासाभरात बदल होईल. हुंकाराची वाट न पाहता ती चिमणीला नदीपार नेईल, थोडं थोडं करून. श्वास अडखळला की आच कमी करेल. रविवारपर्यंत त्याला सवय होईल. तू जाशील तेव्हा तो हात हलवून टाटा करेल.”

“रडणार नाही?”

“बहुतेक नाही. वैज्ञानिक म्हणून सांगतेय. मैत्रीण म्हणून विचारशील तर मला ठाऊक नाही.”

संग्रामला मात्र ठाऊक होतं. तो दुकानातून चहाला आला तेव्हा केतकीनं त्याला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण उपाय ऐकून उजळला.

“मग करून टाका की ताई. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे. पोराला रडवून काय मिळणार आहे?”

“मी गेल्यावर त्याला वाईट वाटायला नको का रे?”

“का वाटायला पाहिजे?”

“मी कोण आहे त्याची?”

संग्रामनं कप ठेवला. “तुला पाहिजे का तो रडलेला? तुझ्यासाठी?”

हे त्यानं दुष्टपणानं विचारलं नव्हतं, पण लागलं. केतकी ओट्याला टेकून उभी राहिली. खरं होतं, थोडंफार. इतक्या वर्षांनी आपण निघालो आणि पोरगं हात हलवून टाटा करतंय, या चित्रानं तिच्या काळजाला घरं पडत होती. आणि दुसरंही एक खरं होतं, ते तिनं संग्रामला सांगितलं नाही. ओजस म्हणाला, मी कुठं हं म्हटलंय, तेव्हा तिला धक्का बसला त्याच क्षणी आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. पोरानं हो म्हटलं नाही, मग कसं जायचं? तिसऱ्यांदा हृषीकेशला फोन करावा, थोडं थांबू म्हणावं. तो थांबलाही असता. आणि ओजस दहा वर्षांचा, पंधरा वर्षांचा होईपर्यंत ती त्याच्या हुंकाराची वाट पाहत इथंच बसली असती, आणि त्याला त्याग म्हटलं असतं.

“ओजूची आई गेली तेव्हा तू रडला नाहीस,” ती म्हणाली.

“पोराकडं बघायचं होतं.”

“रोज संध्याकाळी गाडी धुतोस. चार वर्षं झाली. मला काय गाडीची काळजी दिसते का त्यात?”

संग्राम चहा तसाच ठेवून बाहेर गेला, आणि थोड्या वेळानं दारात परत येऊन म्हणाला, “तुला जे वाटतंय ते कर. मी असेन इथं.”

मंगळवारी दुपारी केतकीनं कथुली उचलून पलीकडच्या खोलीत ठेवली आणि दार लोटलं. संग्राम दुकान बंद करून आला होता. तो बाहेर सोप्यात बसून राहिला.

“आज मी सांगणार गोष्ट,” केतकी म्हणाली आणि सतरंजीवर ओजसजवळ आडवी झाली.

“चिमणीची?”

“नाही. माणसांची. एक होती आत्या.”

“हं,” ओजस खूष होऊन म्हणाला.

“तिचा एक ओजू होता. ती त्याला भात भरवायची, त्याच्याशी भांडायची, आणि तो झोपला की त्याच्या टाळूचा वास घ्यायची.”

“हं.”

“मग आत्याचं लग्न ठरलं.”

ओजसनं ओठ मिटले.

केतकी सवयीनं थांबली. थांबणं किती सोपं होतं. बाहेर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. ओजस छताकडे पाहत होता, अगदी निवांत. आता ही म्हणेल की आत्या परत आली आणि दोघं झोपली, याची त्याला खात्री होती.

“रविवारी लग्न झालं,” केतकी म्हणाली, “आणि आत्या गाडीत बसली.”

ओजसनं मान वळवली. “मी हं नाही म्हटलं.”

“माहीत आहे मला.”

“मग कशी बसली?”

“तू हं म्हटलं नाहीस तरी ती बसली. ही गोष्ट हुंकारावर थांबत नाही, ओजू. मी रविवारी जाणार आहे. तू गप्प राहिलास तरी जाणार आहे.”

त्यानं आधी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो हळूच बाजूला केला आणि पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं लाथ मारली. ठोकळे भिरकावले, त्यातला एक तिच्या कपाळाला लागला. “खोटारडी,” तो ओरडला. “घाणेरडी आत्या. जा. जाऊ नको.” मग नुसताच आवाज, शब्द नसलेला, छातीच्या तळातून आलेला. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा जिवात होता हे पाच वर्षांत केतकीला कळलं नव्हतं. तिचे हात त्याला उचलून घ्यायला शिवशिवत होते, चल आइस्क्रीम आणू म्हणावं, विमान दाखवावं, काहीही करावं. ती हललीही नाही. “राग आलाय तुला माझा,” एवढंच म्हणाली. “येणारच.”

पलीकडच्या खोलीतून मऊ आवाज आला. भिंतीआडून, दाराआडून, कथुलीला त्याचा श्वास दिसला होता.

“चिमणीनं पिल्लाला पंखाखाली घेतलं,” कथुली म्हणाली. “पिल्लू म्हणालं, किती ऊबदार आहे इथं…”

वाक्यं केतकीचीच होती. ओजसचं रडणं अडखळलं. त्यानं ओल्या तोंडानं दाराकडे पाहिलं आणि त्याचे खांदे हळूहळू खाली येऊ लागले. आणखी दोन वाक्यं, आणि तो शांत झाला असता. केतकीला ते स्पष्ट दिसत होतं. रविवारही तसाच सुखाचा गेला असता.

ती उठली, पलीकडे गेली आणि कथुली बंद केली.

परत आली तेव्हा ओजस पुन्हा रडत होता, पण आता तो ओरडत नव्हता. तो आपणहून तिच्या मांडीत शिरला आणि तिच्या ओढणीला नाक पुसत रडत राहिला. केतकीही रडली. सोप्यातून संग्राम आत आला, त्या दोघांच्या शेजारी बसला, आणि त्यानं तोंड फिरवलं नाही. ओजसनं बापाकडे आश्चर्यानं पाहिलं. बाप असा समोरासमोर रडताना त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं आपला चिकट हात बापाच्या गुडघ्यावर ठेवला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा कुठे सगळं निवलं. संग्राम पाणी घेऊन आला. ओजसनं पेला रिकामा केला, उचकी आवरली आणि तो म्हणाला, “आता मी सांगणार. तू हं म्हण.”

“बरं.”

“एक आत्या होती.”

“हं.”

“तिला ओजूनं ठोकळा मारला.”

“हं,” केतकी कपाळ चोळत म्हणाली.

“मग ती भंडाऱ्याला गेली.”

केतकीनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. एक अक्षर, तेसुद्धा धड अक्षर नव्हे, नुसता घशातला आवाज; पण तो घशाच्या वर येईना. इतके दिवस आपण याच्या हुंकारावर अडून आहोत असं ती समजत होती. तिचाच हुंकार अजून बाकी होता.

ओजस वाट पाहत होता. “आत्या, हं म्हण ना. नाहीतर पुढं कसं जाणार?”

“हं,” ती म्हणाली. रडत म्हणाली, पण म्हणाली.

“तिथं एक मोठ्ठं तळं होतं.”

“हं.”

“तळ्यात…” ओजस थांबला. त्यानं बापाकडे पाहिलं, मग आत्याकडे. “तळ्यात काय आहे?”

“मला काय माहीत? मी कुठं पाहिलंय अजून?”

“मासे आहेत का?”

“असतील.”

“असतील नाही. खरं काय आहे?”

“खरंच माहीत नाही रे.”

ओजसच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोष्ट रंगात आली होती आणि अडली होती, ती या बाईच्या अडाणीपणामुळे. तो तिच्या मांडीवरून उतरला.

“मग आधी जाऊन बघून ये,” तो वैतागून म्हणाला. “आणि फोन करून सांग. मला पुढचं सांगताच येत नाहीये.”

मग तो संग्रामचा हात धरून आपल्याला भूक लागल्याचं सांगायला लागला.